पहिल्या भागातली उडी

कोकुरा स्टेशनच्या मागे, अर्ध्या शटरांच्या गल्लीत
इसोगाईचं दुकान: जुने गेम, जुन्या वायरी
आणि सात वाजले की रोजचं भांडण.

नळ दुरुस्त करणारा उशिजिमा
हाताला सीलंटचा वास घेऊन येतो, म्हणतो,
बगळा-योद्धा म्हणजे पहिला भाग. बाकी सगळी भरती.
"पहिल्यात उडी मारली की मारली.
हवेत वळणं नाही. सुटलेला बाण.
शब्द पाळणं काय ते मी तिथं शिकलो,
शाळेत नव्हे."

तामाकीचा जीव पाचव्यावर.
पाचव्यात काळ तीन श्वास मागे नेता येतो.
"काका, पडून उठण्यात काय अब्रू जाते?"

मग मधले भाग निघतात. दुसऱ्यात हवेत वळता येतं.
तिसऱ्यात हवेतच दुसरी उडी,
कशावर पाय रोवून, ते विचारायचं नाही.
चौथ्याविषयी कुणी बोलत नाही,
घरातल्या एखाद्या काकाविषयी बोलत नाहीत तसं.
सहावा तामाकीच्या भावाने अर्ध्यात विकला.
आणि सातव्यात, कड्यापाशी गेलं,
की खेळच विचारतो: नक्की ना?

इसोगाई मत देत नाही.
कापसाच्या काडीने कॅसेटचे दात पुसत राहतो.

फेब्रुवारीत एकदा, हिरव्या कोटातल्या एक बाई
खोक्यात चार्जर हुडकत होत्या.
उशिजिमा बाणापर्यंत पोचला तशा म्हणाल्या,
"जागा नव्हती हो."

कसली जागा?

"वळण बसवायला. चिपमध्ये उरले होते एकशेबारा बाइट.
वळण घेतलं असतं तर बगळ्याचे पंख गेले असते.
मला पंख हवे होते."

शेवटच्या नावांच्या यादीत 'मुळा' असं कुणीतरी आहे.
तेव्हा कंपन्या खरी नावं लिहू देत नसत.
उशिजिमाला ती यादी तोंडपाठ.
मुळा म्हणजे कुणी दाढीवाला, असं तो
तीस वर्षं धरून चालला होता.

"तोमोनागा," बाई म्हणाल्या, आणि किंचित वाकल्या.

त्याने हात पँटला पुसले,
दोन्ही हातांनी कंट्रोलर पुढे केला.
बाईंनी चष्मा कपाळावर सरकवला. धावल्या.
पहिलाच खड्डा. उडी जरा लवकर.
बगळा वर टांगलेला, पंख उघडे,
पाण्यातल्या कागदासारखे ओले, मोठे,
आणि वळणार कुठे?
गेला.

"अगं बाई, एवढं अवघड कुणी केलंय हे?"

तामाकी काही म्हणाली नाही.
पाचव्यातली तीन श्वासांची गोष्ट
तिने ओठांवरूनच परत नेली.
चार्जरचे तीनशे येन घ्यायचे राहिले.

दुसऱ्या दिवशी सात वाजता भांडण पुन्हा सुरू.
उशिजिमाचा अजूनही पहिलाच.
बाण मात्र आता येत नाही त्याच्या बोलण्यात.
नवं पोरगं कुणी आलं की म्हणतो,
थांब, पडशील ते पडशील.
पडताना वर बघ.