नाडी

सकाळी साडेसहाला शिपाई आला, दुकानाच्या फळ्या अजून काढायच्या होत्या.
म्हणाला, मास्तर, पाच मिनिटांचं काम, पंच म्हणून चला.
दहीपुलावरून त्याच्या मागे मागे गेलो.
नळाला पाणी आलं होतं, बायकांनी हंडे बाजूला घेतले,
वाट दिली. मी कुणाकडे पाहिलं नाही.

दुसरा पंच पानवाला मुरार.
बाकावर बसून होता, हातातल्या कपातल्या चहावर साय धरलेली.

कोठडीत लहानू बेंडकुळे.
मार्केट यार्डात टोमॅटोच्या क्रेट उचलायचा.
उजव्या हाताची तीन बोटं लहानपणीच कडबाकुट्टीत गेली,
तेव्हा क्रेट तो कोपराच्या खोबणीत धरायचा
आणि लोक म्हणायचे, बघा, हमाल कसा लेकरू घेतल्यासारखा चालतो.

हवालदार सांगत होता, लिहिणारा लिहीत होता:
सदर इसमाने अंगातील लेंग्याची नाडी काढून
खिडकीच्या गजास बांधून

बांधून.

मी शिंपी आहे. नजरच टेप होऊन फिरते, आवरत नाही.
गज जमिनीपासून सव्वाचार फूट.
लहानू पाच फूट पाच, वहीत आहे.
तळपाय वांग्याच्या रंगाचे, सुजून गोल झालेले.
मुरार म्हणाला, पाय?
साहेब म्हणाले, हमालांचे असतात तसे.
मुरार पुन्हा काही बोलला नाही.

लेंगा मी ओळखला.
निळ्या बारीक रेघा, सव्वादोन मीटर, दिवाळीआधीचा.
बाकीची गिऱ्हाईकं जाऊ दिली होती त्यानं,
मग फळीला टेकून हळूच म्हणाला,
मास्तर, नाडी नको.
घरी मंजुळा बांधून देते,
यार्डात सुटली तर कुणाला सांगू?
मी दोन बोटं रुंद इलॅस्टिक घातलं.
दहा रुपये जास्त घेतले.

पहाटे डॉक्टरनं लिहून दिलं होतं, नाडी लागत नाही.
कुठून लागणार, मी घातलीच नव्हती.

टेबलावर प्लास्टिकच्या पिशवीत नाडी होती.
पांढरी, कोरी, घडीची मोड अजून गेली नव्हती.
अशा नाड्यांचा गठ्ठा माझ्याही दुकानात खिळ्याला टांगलेला असतो,
आठ रुपयाला एक.
आदल्या रात्री दिवा मालवताना एक गिऱ्हाईक आलं होतं.
साधे कपडे, पायात तपकिरी बूट.
सुटे पैसे होते त्याच्याकडे.
यापुढचं मला आठवत नाही, असं मी ठरवलंय.

पेन पहिल्यांदा उमटलं नाही.
शिपायानं आपल्या तळहातावर गिरवून ते चालतं केलं
आणि माझ्या हातात दिलं.

मुलाची पोलीस भरती, म्हातारीचं डायलिसिस,
दुकानाची जागा महापालिकेची, ही सगळी कारणं
मी तेव्हा मनात धरली नव्हती.
नंतर शोधली. तेव्हा नुसता घाबरलो होतो.

बाराव्या दिवशी मंजुळा आली.
त्याचा दुसरा लेंगा शिवायला टाकलेला, तो मागितला.
कंबरेत दोन्ही हात घालून ताणून पाहिला, सोडला.
इलॅस्टिक फट्‌ करून मिटलं.
पैसे मोजून ठेवले, दहा जास्तीचेसुद्धा.
मग ओच्यातून घडी घातलेला कागद काढला.
मला वाचता येत नाही मास्तर,
वकील म्हणतो सही कर, सही कर,
आधी कळू तर दे काय लिहिलंय.

मापाची वही माझ्या कोपराखालीच होती.
बेंडकुळे, कंबर तीस, उंची, तारीख,
आणि शेजारी माझ्याच अक्षरात: नाडी नको.
ते पान मी फाडलेलं नाही.
दाखवलेलंही नाही.

मी वाचत गेलो.
सदर इसमाने.
अंगातील.
गजास.

ती माझ्या तोंडाकडे नाही, हातांकडे पाहत होती.
म्हणाली, थांबलात का?
बांधून, मी म्हणालो.
कशानं? तिनं विचारलं.
कुठल्या हातानं?