दहा ते वीस

बोरा बाजारातल्या मोइझभाईंनी दोन्ही लेन्स
एका दिवसाच्या बोलीवर दिल्या.
जी ठेवायची ती ठेव, म्हणाले,
दुसरी उद्या सातच्या आत.
एक दहा ते वीस, हलकी, फिरवली की जरा खरखरणारी.
दुसरी अकरा ते सोळा, हातात वरवंट्यासारखी.

घोडपदेवला, तिसऱ्या मजल्यावर,
केळुसकरांची खोली विकायची होती.
मी दाराला पाठ घासून उभा,
तिपाईचा एक पाय मोरीत.

दहावर सगळंच मावलं :
कपाट, शिलाई मशीन, पोटमाळा, त्यावरची ट्रंक,
माझ्याच चपलेचं टोक.
फक्त कडेला बसलेले केळुसकर
कणकेसारखे ताणले गेले,
कोपर थेट खिडकीपर्यंत.
म्हटलं, काका, जरा मधे सरका.
मधे सरकले तर एवढेसे झाले,
जणू समोरच्या इमारतीत बसलेत.

अकरावर, एका मिलिमीटरपायी,
देव्हाऱ्यातली घंटा अर्धी कापली गेली.
पण कोपरे काय लख्ख!
ओलीचा नकाशा, निघालेल्या खिळ्यांची भोकं,
भिंतीवर पेन्सिलीनं मांडलेली मुलांची उंची,
सगळ्यात वरच्या रेघेशी : ज्योत्स्ना, दहावी.
पहिल्या लेन्समध्ये हेच सगळं
साय धरल्यागत पुसट होतं.
दलालाला तेच बरं.

केळुसकरांनी चष्मा कपाळावर सरकवला,
कॅमेऱ्याच्या पाठीवरचा पडदा
डोळ्यांजवळ धरून बघत राहिले.
"एवढी मोठी होती ही?"
मग मोरीकडे बघून, जिथे कुणीच नव्हतं,
"आणि आपण धाकट्याला
जागा नाही म्हणून बाहेर काढलं."

यावर फोटोवाल्यानं काय बोलायचं?
मी झूम वीसवर नेला, परत दहावर आणला.
खोली जवळ आली, लांब गेली.

पावणेसातला मोइझभाईंचं शटर अर्ध्यावर आलं होतं.
कुठली? त्यांनी वाकून विचारलं.
जड, म्हटलं.
हिशेबात बसत नव्हतं. हप्ते पडणार, खांदाही दुखणार.
आणि कोपरे बघायला
इथे पैसे कोण देतं?

दलालाला मात्र फोटो पाठवला
तो हलक्या लेन्सचाच,
केळुसकरांना बाहेर गॅलरीत उभं करून काढलेला.
त्यानं खाली एकच शब्द टाकला :
प्रशस्त.