वीस मीटरवर

"गोळी वीस मीटरवरच मान टाकते,"
यूसो म्हणाला, आणि रायफलची पिशवी
माझ्या टेबलावर ठेवली, आजारी मांजर ठेवावं तशी.
बाहेर उणे अकरा. कोउवोलात मार्च असाच असतो,
रस्त्याकडेचा बर्फ राखाडी, कंटाळलेला.

कागद गिरणीत मी एकतीस वर्षं फिटर होते.
गिरणी बंद झाली, हात बंद झाले नाहीत.
आता तळघरात पोरांच्या खेळण्यातल्या बंदुका उघडते.
खेळण्यातल्या म्हटलं की पोरं रागावतात.

आधी गोळ्या बघते, नेहमी.
सहा मिलिमीटरची पांढरी प्लॅस्टिकची गोळी
भिंगाखाली फिरवली: कमरेभोवती शिवण.
स्वस्तातला माल. अशी गोळी लंगडत निघते,
कुठे वळेल तिचं तिलाच ठाऊक नसतं.
पिशवी टोपलीत टाकली, माझ्या डब्यातल्या भरल्या.
तरी वीस मीटर.

मग नळी. काठीला फडकं गुंडाळून आत सारलं.
पहिलं काळं आलं, दुसरं राखाडी,
तिसऱ्यावर कॉफीच्या थेंबाएवढा डाग, चौथं कोरं.
हॉप-अपचं रबर बोटाच्या पेराने दाबलं.
गोळीला उलटी गिरकी देतं ते, इवलंसं,
त्याच्या जिवावर ती हवेत तरंगत जाते.
जुन्या खोडरबरासारखं ताठलेलं.
बदललं. दोन खुणा पुढे, एक मागे.
आता गोळ्या सरळ जाऊ लागल्या,
आणि सरळ जाऊन पंचविसावर पडू लागल्या.

रेड्याला दुखणं, पखालीला डाग.

वेगमापक लावला: सेकंदाला शहात्तर मीटर.
"जुलैत शंभर होती," यूसो म्हणाला.
शंभर म्हणताना तो जरा उंच झाला.

बॅटरी भरलेली. पिस्टनची रिंग शाबूत,
नळीच्या तोंडावर बोट धरलं तर हवा अडून राहते.
मग गिअरबॉक्सच उघडला.
स्क्रू क्रमाने अंड्यांच्या ट्रेमध्ये,
आणि स्प्रिंग बाहेर येऊन टेबलावर आडवी झाली.
शेजारी नवी ठेवली.
जुनी दोन बोटं आखूड.

"ठेवली कशी होतीस?"
"पिशवीत."
"शेवटचा बार झाल्यावर मोकळा चाप ओढून ठेवली होतीस?"
तो ट्रेकडे बघत राहिला.
दातचाक कधी अर्ध्यावरच थांबतं, मी सांगितलं,
स्प्रिंग दबलेलीच राहते. एक दिवस, हरकत नाही.
आठ महिने म्हणजे ती तेवढीच होऊन बसते.

मग थोडं थोडं निघालं.
विटांचा बंद कारखाना, आरो लष्करी सेवेत जायचा
त्याच्या आदल्या दिवशीचा खेळ, भाऊ विरुद्ध भाऊ.
या खेळात पंच नसतो.
लागली की लागलेल्यानेच ओरडायचं, हात वर करायचा.
आरोने हात वर केला नाही.
"मी टक् ऐकलं. त्याच्या जॅकेटवर. स्वच्छ."
रायफल तशीच पिशवीत गेली.
आरो सुट्टीला येतो तेव्हा दोघं सॉनात बसतात,
बर्फाबद्दल बोलतात, आईच्या गाडीबद्दल.
आता शनिवारी तो म्हणतोय, खेळूया.

नवी स्प्रिंग बसवली. सत्त्याण्णव. पुरे.
एक स्क्रू उरला. नेहमी उरतो, आणि नेहमी
मी पुन्हा सगळं उघडून त्याची जागा शोधते.
शोधता शोधता विचारलं,
"त्या दिवशी गोळ्या कुठल्या होत्या?"
"याच. मोठी पिशवी घेतली होती."

मी पुढे काही बोलले नाही. स्क्रूची जागा सापडली.
तळघराच्या टोकाला कॉफीचा डबा टांगला होता,
त्यावर चार मारल्या, चारही लागल्या.
पैसे देऊन तो दारापर्यंत गेला,
परत आला, टोपलीतून
एक गोळी उचलली, माझं भिंग मागितलं,
आणि दिव्याखाली उभा राहून
बराच वेळ ती फिरवत राहिला.