पाटीतला मासा

एंगी गावात, झेर्न्फ नदीच्या वर,
रेगुला पाट्या सोलते.
कडेला छिन्नी, हलका टोला,
आणि दगड वहीसारखा उघडतो.

आज आत मासा निघाला.
सुईसारखे दात, पुढे नुसती लांबी,
सुरीच्या पात्यासारखी. शेपूट पलीकडच्या दगडात राहिली.
उजेड कधी न पाहिलेला डोळा
आता खिडकीकडे.

मुकादम म्हणतो, खराब माल.
माशावर पेन्सिल अडते, शाळा घेत नाहीत.
झुरिकचे साहेब मात्र अशांचे पैसे देतात.
लांब सापडला की एक नाव,
आखूड सापडला की दुसरं.
मासा एकच.
डोंगरानं ज्याला जसा ओढला, तसा तो झाला.
कुळात मागे कुणी नाही,
खरं-खोटं सांगायला.

मेल्खिओरलाही डोंगरानंच ओढलं,
आतून, खोकल्याखोकल्यानं.
शेवटी तो खाटेपेक्षा लांब वाटायचा.

समुद्र केवढा असतो गं, धाकटा विचारतो.
तिनं कुठे पाहिलाय!
ती पाटीला थुंकी लावते,
सवयीनं पुसायला जाते.
मासा पुसला जात नाही.
ओला होतो, काळाभोर चकाकतो,
वाळेपर्यंत.