आंबट हात

नोव्हेंबरात हॉक्लीच्या गल्ल्यांत पाऊस पडत नाही,
तो नुसता असतो.
विटेत, जिन्यात, कोटाच्या अस्तरात,
आणि सोमवारी खण उघडावा तर
शनिवारी ठेवलेल्या पकडीच्या जबड्यावर
तपकीर सांडल्यासारखा.

चूक माझी. म्हणजे माझ्या हातांची.
बाबा म्हणायचे, तुझा घाम आंबट, पोरी,
पोलादाला सोसत नाही.
म्हणून कुडाळच्या दुकानात विश्राम ऐरणीशी बसला
आणि मी वहीशी:
तोळे, गुंजा, घट, उधारी.
ती सबब होती असंच मी इतकी वर्षं धरून चालले.

इथे पहिल्याच आठवड्यात मिसेस ट्रँटरनी
माझी हातोडी उजेडात तिरकी धरली.
आरशासारख्या तोंडावर माझा अंगठा,
तांबूस, रेघ न् रेघ मोजावी असा.
"गंजवणारे हात आहेत तुझे," त्या म्हणाल्या,
जसं कुणी म्हणावं, डावखुरी आहेस.
"माझ्या आईचेही होते.
तू आपली जास्त पुसत जा."

एवढंच.
म्हणजे बाबा खोटं बोलत नव्हते.
पुढचं वाक्य तेवढं त्यांनी सांगितलं नाही.

मग पुसत गेले.
तेजाबाच्या भांड्याजवळ पोलाद ठेवायचं नाही,
झाकण लावलं तरी वाफ वाट काढतेच.
कानशीला तेल नको, चांदीवरून घसरते;
तिला खडू चोळायचा, शाळेतला, पांढरा.
चढलाच गंज तर पकडी रात्रभर व्हिनेगरमध्ये,
सकाळी सोड्याच्या पाण्यात,
कारण आंबटपणा उरला तर जेवणाच्या सुट्टीपर्यंत
पुन्हा तांबडं फुटतं (हे मी दोनदा विसरले).
केस वाळवायच्या यंत्राने सांधे वाळवायचे
आणि सांध्यात तेलाचा थेंब. एक.
दुसरा थेंब कामावर ओघळतो.

खणाच्या कोपऱ्यात, जुन्या मोज्याच्या तुकड्यात
त्यांनी कापराची वडी ठेवलेली.
सोहो रोडच्या पूजेच्या दुकानातून आणायच्या,
मी जन्मायच्या आधीपासून.
इथे त्याला कुणी पेटवत नाही.
तो आपला आपण कमी होत जातो
आणि पोलादावर न दिसणारं काहीतरी धरून राहतो.
आता वडी मी आणते.
दुकानदार विचारतो, घरी देव्हारा मोठा आहे वाटतं?
मी म्हणते, खण आहे. चार.

परवा विश्रामने ऐरणीचा फोटो पाठवला.
दुकान द्यायचं ठरलंय.
खपल्या धरल्यात तिच्यावर, कोपरा तर भाजलेल्या वांग्यासारखा.
त्याचे हात कोरडे, पहिल्यापासून.
पुसायची सवय लागायला
काही कारणच घडलं नाही त्याला.
"भंगारात देऊ?"

मी लिहिलं: व्हिनेगर, तारेचा ब्रश, सोडा, तेल.
वाचलं. पुसून टाकलं.
लिहिलं: पाठव.

सहा किलो आहे म्हणतो.
कुरियरवाल्याचा भाव ऐरणीच्या किमतीच्या तिप्पट.
मी टेबलाखाली जागा केलीय,
खिडकीपासून लांब, तेजाबापासून त्याहून लांब,
आणि जुना टॉवेल
तेलात भिजवून ठेवलाय.