भुवईवरची पट्टी

बामणोलीच्या धक्क्यावर पहाटे लाँच भरली:
तपासणीचा दिवा, थेंबांची खोकी,
आणि अक्षर न येणाऱ्यांसाठी तो तक्ता,
ज्यावर नुसत्या तीन दातांच्या फण्या असतात.
उतेकर म्हणाला, पाणी उतरलंय, रुतलो तर ढकलावं लागंल.
रुतलो. ढकललं.
डॉक्टर मुजावर बाईंनीसुद्धा,
साडी खोचून, चपला हातात घेऊन.

पुढे दोन तासांचा चढ. कांदाटी खोऱ्यातली वरची वाडी,
शाळेच्या ओसरीत माणसंच माणसं.
मी विचारत होतो, फणीचे दात कुणीकडे?
वर. खाली. उजवीकडे. ठाऊक न्हाई.
सगुबाई ढेबे म्हणाल्या,
"फणीचं सोड, भित दिसती का ते इचार."

दोन्ही बुबुळांत मोती पिकलेला, खडूसारखा.
तीन वर्षं म्हशीची धार काढत होत्या कानांनी:
चरवीत फेस चढला की आवाज जाड होतो,
तेव्हा थांबायचं.

माझं काम एवढंच,
ज्या डोळ्याचं ऑपरेशन त्या भुवईवर
चिकटपट्टीचा तुकडा लावायचा.
एकोणीस माणसं, एकोणीस तुकडे.
(स्वप्नात मी अजूनही
डाव्याच्या जागी उजवीवर लावतो
आणि घामानं उठतो.)

मग लाँच, मग जीप, मेढ्याच्या घाटात दोन उलट्या,
आणि साताऱ्यात ट्रस्टच्या दवाखान्यातली हिरवी चादर.
कण्याएवढं भिंग. बारा मिनिटं.

सकाळी डोळा उघडायच्या वेळी
ज्यांच्या पैशांनी भिंगं आली ते शेठ
मोबाइल धरून उभे होते.
सगुबाईंनी त्यांच्याकडं बघितलंच नाही.
आधी हात बघितले, उलटे, सुलटे,
मग म्हणाल्या, "आगं बया, नखं किती वाढल्यात!
पान हाय का कुणाकडं?"
फोटोत त्या नखं कापतायत.
शेठनी तोच छापला, हे मला आवडलं.

दीड महिन्यानं दुसऱ्या डोळ्यासाठी परत वर गेलो.
सगुबाई दारातच बसलेल्या.
"माझा ऱ्हाऊ दे. एकात भागतंय.
माझा नंबर कौशीला द्या."
म्हटलं, मावशी, डोळे म्हंजे काय रेशन हाय?
म्हणाल्या, "न्हाई तर काय?"

कौशी आखाडे. शेजारची. पन्नाशीचीही नसेल.
मी चिकटपट्टीचा तुकडा तोडून
बोटाच्या टोकावर धरला होता.
बाईंनी दिवा धरला, बराच वेळ धरला,
मग विझवला
आणि कौशीचा हात हातात घेतला.
काचबिंदू.
मोती काढता येतो. यात
काढण्यासारखं काही उरत नाही.
चार वर्षं आधी यायला हवं होतं,
असं कुणी म्हणालं नाही. चार वर्षं आधी
वर कुणी चढलंच नव्हतं.

तुकडा बोटावरच राहिला. शेवटी
रजिस्टरच्या पुठ्ठ्याला चिकटवला. अजून तिथंच आहे.

उतरताना मागून आवाज येत होता.
दोघी कड्याच्या दगडावर बसलेल्या,
सगुबाईंचा हात कौशीच्या पाठीवर,
आणि बोलणं चाललेलं, थांबत थांबत,
जसं कुणी लहानग्याला घास भरवावा:
"बाई फुडं चालल्यात. पदर गुलाबी हाय.
खाली पाणी चकाकतंय. लाँच लहान दिसती, काडेपेटीगत.
आन् त्यो पट्टीवाला बघ,
थांबलाय.
मागं बघतोय आपल्याकडं."