माप

वुल्व्हरहॅम्प्टनच्या कोर्टाखाली, तळघरात,
कोठड्यांना खिडकी नसते, घड्याळ असतं.
अहवालासाठी मला चाळीस मिनिटं मिळाली.
त्यातली सहा, किल्ल्या असलेल्या माणसाची वाट बघण्यात गेली.

ओशेन ब्लॅकवुड, वय एकोणीस.
समोर थिजलेल्या बीन्स, प्लॅस्टिकचा चमचा.
मी विचारलं ते सगळं छापील होतं :
पत्ता, शाळा, नशा, वडील.
वडील या शब्दापाशी तो थांबला.
मी घड्याळाकडे पाहिलं,
आणि मी पाहिलेलं त्यानं पाहिलं.
"नाही असं लिहा," म्हणाला.

मग जाता जाता : मिस हॅगर्टी,
मी सायकली दुरुस्त करतो, गल्लीतल्या पोरांच्या, फुकट.
हे कुठे बसतं का?

'इतर' नावाचा एक चौकोन असतो फॉर्मवर.
तो भरून झाला होता.
त्यात मी 'टोळी' लिहिलं होतं.
पोलिसांच्या कागदात होता तो शब्द, मी उचलला.
शब्द उचलताना हाताला वजन लागत नाही.

कोरी टॅल्बट त्याच गाडीत होता. स्टेअरिंगवर.
पुड्या सीटखाली, दोघांच्या मधोमध.
खटले कशानं तरी वेगळे झाले,
त्याच्या न्यायाधीशांनी तीन आठवडे दिले,
म्हणून मी त्याच्या घरी गेले,
त्याच्या मावशीनं केलेला चहा प्याले,
कुत्र्याचं नावसुद्धा मला ठाऊक आहे.
'वाईट संगतीला लागलेला मुलगा,' मी लिहिलं.
काल रात्री दोन्ही कागद शेजारी ठेवून वाचले.
वाईट संगत. कुणाची?
गाडीत दोघंच होते.

त्या सकाळी रेडिओवर कुणी मंत्री बोलत होते,
कातडी बघून सवलत या देशात चालणार नाही.
टोस्टला लोणी लावता लावता मी मान डोलावली,
खरंच आहे, म्हटलं.
मग सुरी थांबली.
सवलत मागितली कुणी?
अहवाल म्हणजे माफी नव्हे.
शिक्षा मोजण्याआधी विचारायचं असतं,
बाबा रे, तू कोण,
आणि उत्तर येईपर्यंत बसून राहायचं.

सव्वीस वर्षं मी हेच करते, असं मला वाटत होतं.

न्यायाधीश वाईट नव्हते, हे लिहिलंच पाहिजे.
चष्मा पुसून त्यांनी माझं पान दोनदा वाचलं.
होतं ते वाचलं.
बत्तीस महिने.
कोरीची शिक्षा स्थगित, दोनशे तास पार्कात काम,
तो आता कालव्याकाठची झुडपं छाटतो, नीट छाटतो म्हणे.
बरं झालं. त्याचं वाईट व्हावं असं मला कधीच नको होतं.
काट्यात खोट नव्हती हो,
पारड्यात घालतानाच माझा हात आखडला होता.
मापात पाप करणारा वाणी निदान
गिऱ्हाइकाच्या डोळ्याला डोळा देत नाही.
मी तर हसून निरोप घेतला होता.

शनिवारी मी केटली परत करायला दुकानाच्या रांगेत उभी.
माझ्या पुढे दोन माणसं सोडून व्हेरोना ब्लॅकवुड,
हॉस्पिटलच्या सफाईचा निळा गणवेश, हातावर कोट.
मी ओळखला तो. निकालाच्या दिवशी
तळघराच्या दारात ती तोच घेऊन उभी होती,
माझ्या पोराला एवढा द्या,
आणि रक्षक म्हणत होते, नियम नाही,
आणि मी फाईल छातीशी धरून
तिला ओलांडून जिना चढून गेले होते.
तो करड्या ट्रॅकसूटमध्येच उभा राहिला.

कोटाच्या बाहीत किमतीची चिठ्ठी तशीच.
परतीची मुदत अठ्ठावीस दिवस, भिंतीवर लिहिलेलं.

काउंटरवरच्या मुलीनं स्क्रीनवरून नजर न काढता विचारलं :
"काही दोष?"

व्हेरोनानं कोटाच्या खांद्यावरची नसलेली धूळ झटकली.
"नाही. अगदी मापाचा आहे त्याला."

मुलगी जरा गोंधळली.
या उत्तरासाठी चौकोन शोधत राहिली,
मग तिनं 'इतर' दाबलं.